कांटोरेकचा वर्ग

बर्लिनमध्ये नोलेनडोर्फ चौकात मोत्सार्ट सभागृह नावाचं मोठं चित्रपटगृह होतं. ५ डिसेंबर १९३० च्या संध्याकाळी तिथे एका अमेरिकी चित्रपटाचा खेळ लागला होता. आदल्या रात्रीचा निमंत्रितांचा खेळ सुरळीत पार पडला होता. हा तिकीट काढून येणाऱ्यांसाठीचा. तिकिटं काढणाऱ्यांमध्ये नाझी पक्षाचे तरुण कार्यकर्ते मोठ्या संख्येने होते आणि त्यांचा बर्लिनचा पुढारी योसेफ गोबेल्स स्वतः हजर होता. चित्रपट सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच घोषणा सुरू झाल्या. पाठोपाठ घाण वासाच्या कुप्या फुटल्या, शिंका आणणारी पूड उडाली आणि अंधारात रांगांमधून पांढरे उंदीर धावू लागले. ते लपवून आणलेले होते. लोक किंचाळत खुर्च्यांवर चढले, काहींना मारहाण झाली, शेवटी दिवे लावले गेले आणि खेळ बंद पडला.

पुढचे काही दिवस शहरात रोज निदर्शनं झाली. सहाव्या दिवशी, ११ डिसेंबरला, चित्रपट परीक्षणाच्या वरिष्ठ मंडळाने त्या चित्रपटावर बंदी घातली. कारण असं दिलं की, या चित्रपटामुळे जगात जर्मनीची मान खाली जाते.

चित्रपट होता 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या कादंबरीवरून लुइस माइलस्टोन याने तो काढला होता आणि महिन्याभरापूर्वीच त्याला उत्कृष्ट चित्रपटाचं आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं होतं. तो काढणाऱ्या चित्रपटसंस्थेचा प्रमुख कार्ल लेमले हा मूळचा जर्मनीतल्या लाउपहाइम गावचा. पडद्यावर जर्मनीला शिवी देणारं कुणी नव्हतं. शत्रूची बाजू घेणारंही कुणी नव्हतं. चित्रपट सुरू होतो तो एका शाळेच्या वर्गात. खिडकीबाहेरून पलटण वाजतगाजत चालली आहे, मास्तर मुलांपुढे बोलत आहेत, आणि बाकांवर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं बसली आहेत. ती मुलं उठून सैन्यात जातात आणि एकेक करून मरतात. कथा म्हणाल तर एवढीच.

नाझी पक्षाला तीन महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत १०७ जागा मिळाल्या होत्या. सत्तेकडे निघालेल्या पक्षाला या कथेत असं काय खुपलं, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडलेला आहे. मी स्वतः काही काळ शाळेत शिकवलं आहे, आणि त्या पहिल्या दृश्यातली मुलांची वर बघणारी तोंडं मला विसरता येत नाहीत. समोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो. मला वाटतं, भांडण त्या विश्वासावरून होतं.

त्यासाठी १९१४ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या ऑगस्टमध्ये युद्ध पुकारलं गेलं तेव्हा जर्मनीतल्या शाळांमध्ये वरच्या वर्गातल्या मुलांसाठी तातडीची शालान्त परीक्षा घेण्यात आली. भरती व्हायला निघालेल्या मुलाला चटकन प्रमाणपत्र मिळायचं. मास्तर वर्गावर भाषणं करत होते, घरोघरी आया मोजे विणत होत्या. सज्ञान न झालेल्या मुलाला वडिलांची लेखी परवानगी लागे. बर्लिनची शिल्पकार आणि चित्रकार केटे कोल्वित्झ हिच्या घरी याच परवानगीवरून ताण आला. धाकटा पेटर अठराचा. वडील डॉक्टर, ते सही करायला तयार होईनात. पेटरने आईला गळ घातली, आईने नवऱ्याची समजूत काढली आणि सही झाली. ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात, डिक्समाउडजवळ, पेटर मारला गेला.

त्या शरद ऋतूत फ्लँडर्समध्ये उतरवलेल्या अनेक नव्या राखीव पलटणींना जेमतेम दोन महिन्यांचं शिक्षण मिळालेलं होतं. त्यांना उघड्या, चिखलाच्या शेतांतून ब्रिटिश आणि फ्रेंच बंदुकांच्या तोंडावर पाठवण्यात आलं. माणसं रांगेने पडली. आणि मग ११ नोव्हेंबरला जर्मन सेनेचं एक पत्रक निघालं: लांगेमार्कच्या पश्चिमेला तरुण पलटणींनी देशगीत गात शत्रूच्या पहिल्या फळीवर झडप घातली आणि ती काबीज केली. दुसऱ्या दिवशी ते बहुतेक वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होतं.

नंतरच्या इतिहासकारांनी या पत्रकाचा शब्दन् शब्द तपासला. लढाई मुख्यतः बिक्सशूट या गावाकडे झाली होती. लांगेमार्क हे नाव जर्मन कानांना आपलं वाटणारं, म्हणून ते निवडलं असावं. पडलेल्यांत विद्यार्थी होते, पण बहुसंख्य नव्हते. कामगार, शेतकरी, कारकून, घरसंसार असलेली माणसं खूप होती. गाण्याबद्दल तर शंकाच आहे. पाठीवर ओझं घेऊन, चिखलातून, गोळीबारात पळणारा माणूस गाऊ शकत नाही. कुठे सूर उठले असतील तर धुक्यात एकमेकांना ओळख पटवण्यासाठी. पण पत्रकाने आपलं काम केलं होतं. गात गात मरणाऱ्या विद्यार्थ्यांचं चित्र तयार झालं आणि पुढची तीस वर्षं ते शाळाशाळांतून, वसतिगृहांतून, दरवर्षीच्या स्मरणसभांतून पोसलं गेलं.

इथे एक आठवण आपल्याकडची. त्याच ऑक्टोबरच्या २८ तारखेला, लांगेमार्कपासून थोडं दक्षिणेला नव्ह शापेल गावावर जो हल्ला झाला त्यात आपल्या खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर होत्या. हे सुरुंग लावणारे आणि पूल बांधणारे लोक, त्यांना त्या दिवशी संगीन घेऊन घरांघरांतून लढायला लावलं. त्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. शिपायांपैकीही मोठा भाग परतला नाही. त्यांच्यासाठी कुणी देशगीताची कथा रचली नाही. तो देश त्यांचा नव्हता आणि ती लढाईही नव्हती.

एरिख रेमार्क तेव्हा सोळा वर्षांचा होता. ओस्नाब्रुक गावच्या एका पुस्तकं बांधणाऱ्या कारागिराचा मुलगा, मास्तरकी शिकण्यासाठी कॅथलिक अध्यापक विद्यालयात जाणारा, पियानोची आवड असलेला. १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला आणि त्याच्या बरोबरच्या मुलांना सक्तीने बोलावणं आलं. १९१७ च्या जूनमध्ये तो पश्चिम आघाडीवर पोहोचला, खंदक आणि तारांची कुंपणं उभारणाऱ्या तुकडीत. ३१ जुलैला ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली त्याच दिवशी तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्याचा पाय, हात आणि मान फाडली. म्हणजे आघाडीवर जेमतेम सहा-सात आठवडे. पुढचं जवळजवळ सगळं युद्ध त्याने डुइसबुर्गच्या इस्पितळात काढलं. तो तिथे असताना घरी आई गेली. शेजारच्या खाटांवर येणाऱ्यांच्या तोंडून मात्र त्याने खूप ऐकलं.

युद्धानंतर त्याने वर्षभर खेड्यातल्या शाळांवर मास्तरकी केली. मग थडग्यांचे दगड विकले, वेड्यांच्या इस्पितळाच्या प्रार्थनाघरात ऑर्गन वाजवला, टायर बनवणाऱ्या कंपनीसाठी जाहिराती लिहिल्या, शेवटी बर्लिनच्या एका क्रीडा नियतकालिकात संपादक झाला. १९२७ च्या अखेरीस, नोकरीनंतरच्या रात्रींमध्ये, काही आठवड्यांत त्याने कादंबरी लिहून काढली. एका नामवंत प्रकाशकाने ती नाकारली: दहा वर्षांपूर्वीचं युद्ध आता कोण वाचणार? उल्श्टाइन या प्रकाशनसंस्थेने घेतली. १० नोव्हेंबर १९२८ पासून, म्हणजे युद्ध थांबल्याच्या दहाव्या वर्षदिनाच्या आदल्या दिवशीपासून, ती 'फोसिशे त्साइटुंग' या दैनिकात क्रमशः आली आणि जानेवारी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. नाव होतं 'पश्चिमेकडे नवं काही नाही'. सैन्याच्या दैनंदिन पत्रकांची ही भाषा. लांगेमार्कची कथा एका पत्रकातून जन्मली होती. रेमार्कने दुसरं पत्रक उचललं आणि ज्या दिवशी 'नवं काही' नव्हतं त्या दिवशी कोण मेलं ते सांगितलं.

कादंबरी सुरू होते ती जेवणापासून. कंपनीच्या आचाऱ्याने दीडशे माणसांचं शिजवलं आहे आणि परतले आहेत ऐंशी. त्या ऐंशींना आज दुप्पट मिळणार म्हणून पोरं खूश आहेत. वाचणाऱ्याला आधी त्यांचा आनंद कळतो, सत्तर माणसांचा हिशेब थोडा उशिरा लक्षात येतो.

निवेदक पाउल बॉयमर आणि त्याचे तीन मित्र एकाच वर्गातले. त्यांचे वर्गशिक्षक कांटोरेक, बुटके, कडक. कवायतीच्या तासाला ते इतकं बोलत राहिले की अख्खा वर्ग त्यांच्या पाठोपाठ भरतीच्या कचेरीत गेला. योसेफ बेम नावाचा एक जाडसर, भिडस्त मुलगा तयार नव्हता. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दिवसांत आईबापही मुलाला भेकड म्हणायला कमी करत नसत. तोही गेला, आणि वर्गातला पहिला मेला तो तोच. हल्ल्यात डोळ्याला लागलं, बरोबरच्यांनी मेला समजून सोडलं. दुपारी तो उठून, आंधळा आणि वेदनेने वेडा झालेला, उघड्यावर सरपटू लागला आणि आडोसा न सापडल्यामुळे पुन्हा गोळी लागून पडला.

या प्रसंगानंतर पाउल मास्तरांना शिव्या देत बसत नाही. कांटोरेकसारखे हजारो होते, आणि आपण योग्य तेच करतो आहोत असं त्या सगळ्यांना मनापासून वाटत होतं, एवढं तो नोंदवतो. दुष्ट मास्तर शोधून दूर करता येईल, पण प्रामाणिक मास्तराचं काय करायचं? मुलांना वाटत होतं की मोठ्या माणसांना जगाचं जास्त कळतं. पहिल्या तोफमाऱ्यात तो समज गेला. त्यांचा बालपणाचा निरोप झाला तो तिथे. रक्त पाहून माणूस मोठा होतो हे खरं असेल. या मुलांना मात्र आपल्याला शिकवलेलं खोटं होतं हे कळल्यामुळे म्हातारपण आलं.

मग बूट. फ्रान्झ केमेरिख हा वर्गमित्र लष्करी इस्पितळात मरायला टेकला आहे. त्याचा पाय कापला आहे. त्याला अजून ते माहीत नाही. खाटेखाली त्याचे बूट आहेत, मऊ पिवळ्या कातड्याचे, गुडघ्यापर्यंत येणारे, इंग्रज वैमानिकाकडून आलेले. भेटायला आलेल्या म्युलरची नजर त्यांच्यावर जाते. म्युलर शाळेत हुशार, अजूनही पुस्तकं बाळगणारा. तो बूट मागतो. पाउल त्याच्या पायावर हळूच पाय देतो, तेव्हा कुठे तो गप्प बसतो. पण म्युलरला मित्राचं वाईट वाटत नाही असं नाही. केमेरिखला बुटांचा उपयोग असता तर म्युलर त्याच्यासाठी तारांवरून अनवाणी गेला असता. आता उपयोग नाही, आणि रुग्णसेवक ते लांबवेल. केमेरिख मरतो, बूट म्युलरकडे जातात. म्युलर मरतो, ते पाउलकडे येतात. पाउलने पुढचा वारस ठरवून ठेवला आहे. वाचताना अंगावर काटा येतो तो या हिशेबाच्या सरळपणामुळे. वर्षभरापूर्वी हीच मुलं कविता लिहीत होती.

सुटीवर घरी आलेल्या पाउलचं प्रकरण मला साऱ्या पुस्तकात श्रेष्ठ वाटतं. खोली तीच, कपाटात स्वतःच्या पैशांनी घेतलेली पुस्तकं तीच, आणि तो त्यांच्यासमोर बसून वाट पाहतो की यातलं एखादं तरी पूर्वीसारखं बोलेल. बोलत नाही. आई आजारी आहे. तिला कर्करोग आहे आणि तिने त्याच्यासाठी खायचं काही जपून ठेवलं आहे. केमेरिखच्या आईला तो शपथेवर सांगतो की मुलगा क्षणात गेला, त्याला काही कळलं नाही. आणि बाहेर पडला की गावातली प्रतिष्ठित मंडळी त्याला टेबलाशी बसवून घेतात. त्यांत शाळेतले जुने मास्तर आहेत, मुख्याध्यापक आहेत. सिगार देतात, पाठ थोपटतात. मग जर्मनीने काय काय घ्यायला हवं याची चर्चा होते: सगळा बेल्जियम, फ्रान्सच्या कोळशाच्या खाणी, रशियाचा मोठा लचका. पाउल सांगू पाहतो की आघाडी फोडणं तिकडून वाटतं तितकं सोपं नाही. त्याला समजावलं जातं की तू तुझ्यापुरतं बघतोस, सगळं चित्र तुला दिसत नाही. मरणाऱ्याला मरणातलं कळत नाही, असं बियरचे पेले समोर ठेवून सांगणारी ही माणसं गावात सज्जन म्हणूनच ओळखली जातात. राष्ट्रवादाचा धोका रेमार्कने दाखवला तो असा, ओळखीच्या चेहऱ्यांचा.

एकदा हल्ल्यात पाउल तोफेच्या खड्ड्यात लपलेला असतो आणि अंगावर पडलेल्या फ्रेंच शिपायाला तो सुरीने भोसकतो. तो माणूस लगेच मरत नाही. तासन् तास दोघं त्या खड्ड्यात. पाउल त्याला पाणी पाजतो, जखमा बांधतो. तो मेल्यावर त्याचं पाकीट उघडतो: बायकोचा आणि लहान मुलीचा फोटो, पत्रं, नाव जेरार दुव्हाल, व्यवसाय छपाईचा. पाउल मेलेल्याला वचनं देतो. दुसऱ्या दिवशी परतल्यावर मित्र त्याला एक नेमबाज दाखवतात, जो टिपलेली माणसं मोजतो आहे आणि ज्याला त्याबद्दल शाबासकी मिळते आहे. पाउल शांत होतो. युद्ध म्हणजे शेवटी युद्ध, असं मनाशी म्हणतो. त्याच्या शपथा एका दिवसात विरल्या हे लिहायला धैर्य लागतं. एखाद्या लेखकाने त्या टिकवल्या असत्या.

पुस्तकाला दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. प्रकाशकाने ते एका साध्या शिपायाचं जसंच्या तसं निवेदन म्हणून खपवलं. रेमार्क त्या आधीच कादंबऱ्या लिहिणारा लेखक होता. दुसरी उणीव मोठी आहे. ऑगस्ट १९१४ पासूनच्या पहिल्या काही महिन्यांत जर्मन सैन्याने बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये सहा हजारांहून अधिक सामान्य नागरिक मारले, लूव्हेनचं विद्यापीठ ग्रंथालय जाळलं. कादंबरीत त्याचा उल्लेख नाही. पाउल आणि त्याचे मित्र आघाडीवर येण्याआधीच हे घडून गेलेलं असलं तरी ज्या भूमीत ते उंदीर मारत आणि हंस चोरत राहतात तिथल्या माणसांकडे पुस्तक फारसं पाहत नाही. आपल्या मुलांच्या गमावलेल्या बालपणाचं दुःख इतकं मोठं होतं की दुसऱ्यांच्या घरांचं दुःख त्यात मावलं नाही. युद्धावरच्या पुष्कळ चांगल्या कादंबऱ्यांना ही मर्यादा चिकटलेली असते, कोणत्याही भाषेतल्या.

तरी पुस्तक लोकांनी हातोहात घेतलं. १९३० च्या मध्यापर्यंत एकट्या जर्मनीत दहा लाख प्रती गेल्या, भराभर वीसहून अधिक भाषांत भाषांतरं झाली. जवळजवळ वीस लाख जर्मन सैनिक मेले होते; मुलगा घरी काहीच का बोलत नाही हे या पुस्तकातून पहिल्यांदा कळलेली घरं कितीतरी असतील. चिडणारेही तितकेच निघाले. थुरिंगिया प्रांतात नाझी मंत्री विल्हेल्म फ्रिक याने ते शाळांतून काढायला लावलं. लेखक आघाडीवर गेलाच नव्हता, असा प्रचार झाला. त्याचं खरं नाव रेमार्क नसून क्रामर आहे, उलटं वाचा म्हणजे कळेल, आणि तो ज्यू आहे, असंही पसरवलं गेलं. तो कॅथलिक होता, आणि तोफगोळ्याच्या जखमांच्या खुणा त्याच्या अंगावर होत्या.

चित्रपटात एक प्रसंग आहे जो कादंबरीत नाही. सुटीवर आलेला पाउल आपल्या शाळेवरून जातो. मास्तर नव्या मुलांपुढे तेच भाषण करत आहेत. ते पाउलला आत बोलावतात आणि या मुलांना काही प्रेरणादायी सांग म्हणतात. पाउलला काही सुचत नाही. आग्रह झाल्यावर तो खरं सांगतो: आम्ही खंदकात राहतो, मरू नये म्हणून धडपडतो, कधी मरतो, बस्स. आणि बाकांवरची मुलं त्याला भित्रा म्हणून ओरडतात. ल्यू एअर्स हा पाउल झालेला नट तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पुढे १९४२ मध्ये त्याने अमेरिकेत सदसद्विवेकापोटी शस्त्र घ्यायला नकार दिला तेव्हा तिथल्या चित्रपटगृहांनी त्याचे चित्रपट लावायचे बंद केले. नंतर त्याने पॅसिफिक आघाडीवर, गोळीबारात, वैद्यकीय पथकात काम केलं.

ती बाकांवरची मुलं पडद्यावरून खाली उतरायला वेळ लागला नाही.

लांगेमार्कच्या युद्धस्मशानासाठी जर्मन विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संघटनेने, डॉइचे श्टुडेन्टेनशाफ्टने, पैसा उभा केला होता. १० जुलै १९३२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. आज तिथे चव्वेचाळीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत, त्यांतले जवळजवळ पंचवीस हजार एकाच सामूहिक थडग्यात. त्याच जुलैमध्ये, तिथून काही कोसांवर, पेटरच्या स्मशानात केटे कोल्वित्झने आपली दोन शिल्पं बसवली. गुडघे टेकलेले आई आणि वडील, दोघांचे चेहरे तिचे आणि तिच्या नवऱ्याचे. वडिलांनी स्वतःला हातांनी घट्ट आवळून धरलं आहे. आई पुढे झुकली आहे. या कामाला तिला जवळजवळ अठरा वर्षं लागली, म्हणजे मुलाचं जितकं आयुष्य होतं तितकी. समजूत काढून मिळवलेली ती सही तिला आयुष्यभर पुरली. त्या दगडांत कोणी गात नाही.

पुढच्या वसंतात त्याच विद्यार्थी संघटनेने 'अजर्मन वृत्ती'विरुद्धची मोहीम हाती घेतली. विद्यापीठांतल्या, खासगी आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयांतून पुस्तकं उचलण्यात आली. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात, पावसाची रिपरिप चालू असताना, विद्यार्थी मशाली घेऊन आले. एकेक लेखकाचं नाव पुकारायचं, त्याचा अपराध सांगायचा आणि पुस्तक आगीत टाकायचं. रेमार्कचा अपराध सांगितला गेला तो महायुद्धातल्या सैनिकाशी साहित्यातून केलेल्या द्रोहाचा. मध्यरात्रीच्या सुमारास गोबेल्सने भाषण केलं. अडीच वर्षांपूर्वी उंदीर सोडायला पक्षाचे कार्यकर्ते पाठवावे लागले होते. या वेळी विद्यापीठातली मुलं आपणहून आली होती, आणि त्यांच्या बरोबर प्राध्यापकही होते. त्या मुलांतली बरीचशी महायुद्ध संपलं तेव्हा पहिली-दुसरीत असतील. लांगेमार्कच्या सैनिकांविषयी त्यांना जे ठाऊक होतं ते शाळेत सांगितलं गेलं होतं तेवढंच. सहा वर्षांनी त्यांचीही पाळी आली.

रेमार्क जानेवारी १९३३ च्या अखेरीस देशाबाहेर पडला होता. स्वित्झर्लंडमध्ये पोर्तो रोंको इथे त्याने घर घेतलेलं होतं. १९३८ मध्ये त्याचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं, १९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला. त्याची धाकटी बहीण एल्फ्रीडे मात्र ड्रेस्डेनमध्ये राहिली. ती शिवणकाम करायची, गिऱ्हाइकांचे कपडे शिवायची. १९४३ मध्ये बोलता बोलता ती म्हणाली की युद्ध हरल्यात जमा आहे. घरमालकिणीने पोलिसांना कळवलं.

२९ ऑक्टोबर १९४३ रोजी तथाकथित लोकन्यायालयात तिचा खटला चालला. न्यायाधीश होता रोलांड फ्राइस्लर. भाऊ दुर्दैवाने आमच्या हातून निसटला, तू निसटणार नाहीस, अशा अर्थाचं तो तिला बोलल्याचं सांगितलं जातं. सैन्याचं मनोधैर्य खच्ची केल्याबद्दल तिला मृत्युदंड झाला आणि १६ डिसेंबरला बर्लिनच्या प्लोट्झेन्से तुरुंगात पात्याखाली तिचं डोकं उडवण्यात आलं. ती चाळीस वर्षांची होती. त्यानंतर तिच्या थोरल्या बहिणीच्या नावे सरकारकडून एक बिल आलं. खटल्याचा, तुरुंगातल्या दिवसांचा, शिक्षेच्या अंमलबजावणीचा खर्च: एकूण ४९५ मार्क आणि ८० फेनिग.

रेमार्कला ही बातमी युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये कळली. मग त्याने एका छळछावणीवर कादंबरी लिहिली, ज्या विषयाचा त्याला स्वतःचा अनुभव नव्हता. छावण्यांतून वाचलेल्यांच्या साक्षी आणि कागदपत्रं वाचून, पुन्हा पुन्हा थांबून. १९५२ मध्ये ती निघाली. ती त्याने बहिणीच्या स्मृतीला अर्पण केली होती. जर्मन आवृत्तीत ती अर्पणपत्रिका छापली गेली नाही.